पाहायचे पाणी, पोहायचे पाणी



नांदेडला मजुरी करून पोट भरणाऱ्या एका भगिनीने मागे आम्हाला रस्त्यात गाठले आणि म्हणाली, "भाऊ, सुट्टी लागली की लेकरं पाण्यात खेळायला न्या म्हणून जीव खातात. वॉटर पार्कचं पाच माणसांचं तिकीट काढायचं म्हणजे आठवड्याची मजुरी गेली. जवळपास फुकटातलं पाणी कुठं आहे ते तुमच्या सदरात लिहा की." प्रश्न सरळ होता. आम्ही हो म्हणालो. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की, तुझ्या लेकरांना पोहता येते का, हे आम्ही त्या बाईला विचारलेच नाही. विचारले असते तरी उत्तर काय आले असते ते आम्हाला ठाऊक होते. आमचे स्वतःचेच उत्तर वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत 'नाही' असे होते.

आमचे बालपण मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावातली पोरे दुपारी एका मोठ्या विहिरीवर पोहायला जात. कोणी पाठीला डब्बा बांधलेला, कोणी वाळका भोपळा, कोणी नुसताच. वरून मुटका मारला की विहीर अशी दणाणायची की बांधावरची पाखरे उडत. आम्हीही जात असू. आम्ही काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. 'तू उतरू नकोस' असे कोणी तोंडाने म्हटल्याचे आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती. शाळेत एका पट्टीवर बसणारी पोरे विहिरीच्या पायऱ्या आल्या की वेगळी व्हायची. हे पेशव्यांच्या काळातले नव्हे, शाळेत समानतेचे धडे पाठ करून घेत होते तेव्हाचे आहे.

एकदा आम्ही वडिलांना विचारले, "बा, तुम्हाला पव्हता येतं का?" ते म्हणाले, "आपल्याला पाणी वरून ओंजळीत वाढून मिळायचं रे. त्यात उतरायचं कुठलं?"

हे वाक्य आम्ही पुढे पुष्कळ वर्षे विसरलो होतो. शिक्षण झाले, बी.कॉम. झालो, कारकुनी लागली, वस्तीत नळ आला. पाण्याचा प्रश्न आमच्यापुरता मिटला असे वाटत होते. मग एका ओळखीच्या घरचे बारा वर्षांचे पोर शेततळ्यात गेले. उन्हाचे पाय धुवायला उतरले, घसरले, संपले. काठावर त्याचा मोठा भाऊ होता, चुलता होता, शेतात कामाला आलेल्या चार बाया होत्या. सहा माणसांत एकालाही पोहता येत नव्हते. त्या पोराच्या मातीला गेलो होतो तेव्हा वडिलांचे वाक्य पुन्हा कानात वाजले. वस्तीत येऊन आम्ही घरोघर विचारून पाहिले. पन्नाशीच्या पुढच्या माणसांत पोहणारे दोघे निघाले, दोघेही नदीकाठच्या गावचे. बायांमध्ये एकही नाही.

नदी वाहती असते, म्हणून तिला पूर्ण अडवता आले नाही. तरी तिथेही वरचा पाणवठा गावाचा आणि खालचा आपला, हे ठरलेलेच होते. विहीर, आड, बारव, तलाव ही साठलेली पाणी मात्र बंद. आणि मराठवाड्यात पोहायला शिकण्याची शाळा कोणती? विहीर आणि बारव. नदीला आठ महिने पाणी कुठे असते? शाळाच बंद, तर विद्या येणार कोठून? पाणी प्यायला मिळाले नाही याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. पण पाण्यात उतरायला मिळाले नाही, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या एक जीव वाचवणारी विद्या आपल्या घरात आलीच नाही, हा हिशेब कोणी मांडलेला आमच्या वाचनात नाही.

सहलीचा विषय निघाला आहे म्हणून बाबासाहेबांची एक सहल सांगतो. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांजवळ हट्ट धरला की, कुठे तरी पाहायला जाऊ या. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचे ठरले. नाशिकहून सुमारे तीस जण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. तो मुलूख निजामाचा. महिना रमजानचा. प्रवासाच्या धुळीने माणसे माखली होती. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला लहानसा हौद होता, भोवती फरसबंदी होती. काहींनी तिथे हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ आरडाओरडा करीत धावत आले की, यांनी आमचा तलाव बाटवला. लोक जमले, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर यायचे राहिले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. तो कशासाठी? तर किल्ल्यात कुठेही या लोकांनी पाण्याला हात लावू नये, यावर नजर ठेवायला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदू असो की मुसलमान, अस्पृश्याला दोघेही अस्पृश्यच मानत, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो दिला. आज आपली लेकरे शाळेच्या सहलीने दौलताबादला जातात, वेरूळला जातात, बाटली भरून पाणी पितात. त्यांना हा शिपाई ठाऊक असावा असे आम्हाला वाटते.

महाडची गोष्ट घरोघर माहीत आहे. तरी एक मुद्दा नीट सांगितला जात नाही. सी. के. बोले यांचा म्हणून जो ठराव ओळखला जातो, तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मांडला आणि मंजूर झाला. त्याने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, पण मुंबई इलाख्यापुरते. त्याच आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी प्रत्यक्ष पाणी घेऊन तो ठराव कागदावरून खाली उतरवला. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. आमचे मुखेड, नांदेड, लातूर मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथे तो ठराव लागूच नव्हता. संस्थान भारतात आले १७ सप्टेंबर १९४८ रोजी आणि घटना अमलात आली २६ जानेवारी १९५० ला. म्हणजे आमच्या आजोबांना घटनेने तळ्यात उतरण्याचा हक्क मिळाला तो महाडनंतर जवळजवळ तेवीस वर्षांनी.

घटनेचे पंधरावे कलम काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या जोडीला स्नानघाटही आहेत. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी वाहिलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. पाणी पिण्याचाच नव्हे, पाण्यात उतरण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. खाजगी शेतातली विहीर मात्र यात येत नाही. ती मालकाला विचारूनच मिळते, हेही लक्षात ठेवावे.

आणि हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या पोहण्याच्या तलावांत आणि किनाऱ्यांवर मज्जाव होता. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळ्या-गोऱ्या सत्याग्रहींनी मिळून एका हॉटेलच्या तलावात उड्या घेतल्या, तर मालकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. त्याचा फोटो जगभर छापून आला. आज तिथे कायद्याने बंदी नाही, तरी काळ्या घरांतल्या पोहता न येणाऱ्या मुलांचे प्रमाण जास्तच आहे. बापाला येत नाही म्हणून लेकाला येत नाही. बंदी उठली तरी भीती घरात राहते.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मते पाण्याचे दोन प्रकार करावेत. एक पाहायचे पाणी, दुसरे पोहायचे पाणी. आपल्या भागात जी नावाजलेली ठिकाणे आहेत ती बहुतेक पहिल्या प्रकारात येतात. तेच लोकांना कळत नाही आणि घात होतो.

सहस्रकुंड घ्या. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून धो धो कोसळते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने त्याचे रूप पाहण्यासारखे असते, एकदा लेकरांना दाखवलेच पाहिजे. पण तिथे पाण्यात पाऊल घालू नये. खडकाला शेवाळ, खाली डोह आणि भोवरे. वर इसापूरचे मोठे धरण आहे, तिथून पाणी सोडले की इकडे आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते. मोबाइल हातात धरून उलट्या पावलाने मागे सरकणारी पोरे आम्ही तिथे डोळ्यांनी पाहिली आहेत. आम्ही ओरडलो तर आम्हालाच हसली.

मुखेडकरांना त्याहून जवळ कंधार. एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येते. किल्ल्याच्या भोवती पाण्याचा खंदक आहे आणि गावाला लागून जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, राष्ट्रकूट राजांच्या काळातला. हजार वर्षांपूर्वी माणसांनी बांधलेला तलाव अजून पाणी धरून आहे, हे लेकरांना दाखवावे. त्या तलावाची माती वाहणारे हात कोणाचे होते, हेही जाता जाता सांगावे. पण खंदकात किंवा तलावात उतरू नये.

मन्याड नदीवर दोन धरणे आहेत. लोहा तालुक्यात लिंबोटीचे आणि कंधार तालुक्यात बारूळचे. भाकरी बांधून नेऊन काठावर झाडाखाली बसायला दोन्ही जागा चांगल्या. पण धरणाच्या पाण्याचा काठ फसवा असतो. ते मुळात कोणाचे तरी शेत असते. खाली काळी माती, पाय गुडघ्यापर्यंत रुतून बसतो. आणि बुडालेल्या शेतात बुडालेल्या विहिरीही असतात. कमरेएवढ्या पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला चाळीस हात खाली जाऊ शकतो. हे आम्हाला एका म्हाताऱ्या भोयाने सांगितले, तोपर्यंत आमच्याही डोक्यात आले नव्हते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयाचेही तेच. दरवाजे केव्हा उघडतील ते काठावरच्या माणसाला दिसत नाही. नांदेड शहरातले गोदावरीचे घाट बांधीव आहेत, पायऱ्या चांगल्या आहेत, पण शहरातल्या नाल्यांचे पाणी नदीत मिसळते. कानात-नाकात ते पाणी घालून लेकरू आजारी पाडायचे आणि मग दवाखान्याचे बिल भरायचे, यात स्वस्ताई कसली?

आमच्या तालुक्यातल्या लेंडी धरणाबद्दल लिहिताना हात अडतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पाणी रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत शिरले. लष्कर बोलवावे लागले. हसनाळमध्ये माणसे गेली. त्या पाण्याकडे सहल म्हणून जाऊ नये असे आम्हाला वाटते. ज्यांचे घर पाण्यात आहे त्यांच्या दारात आपण डबे उघडून बसायचे, हे बरे दिसत नाही.

मग पोहायचे पाणी कोणते? आमचे उत्तर साधे आहे. ओळखीच्या माणसाची, पायऱ्या असलेली, शेतातली विहीर. नाहीतर नदीचा असा उथळ, संथ पट्टा जिथे खाली खडक किंवा गोटे आहेत आणि जिथे बाया रोज धुणे धुतात. नदीतल्या जागेचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही. वाळूच्या उपशाने पात्र दर वर्षी बदलते. गेल्या दिवाळीत गुडघाभर पाणी होते तिथे या दिवाळीत वीस फुटांचा खड्डा असतो आणि वरून पाणी सारखेच दिसते. म्हणून जायच्या आधी तिथल्या गुराख्याला, भोयाला किंवा धुणे धुणाऱ्या बाईला विचारावे, "औंदा इथून वाळू उचलली का?" उचलली असेल तर तिथे पाय टाकू नये. आणि उतरताना काठीने चाचपत एका मोठ्या माणसाने पुढे जावे, लेकरांनी मागून.

ऋतूचेही गणित आहे. इतर भागांत मे महिना पोहण्याचा. आपल्याकडे मेमध्ये विहिरीत पोहायला नव्हे, घागर बुडवायलाही पाणी नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते अजून कोणी विसरलेले नाही. आमच्या अनुभवाने दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ उत्तम. विहिरी भरलेल्या, पाणी निवळलेले, ऊन बऱ्यापैकी. नोव्हेंबर सरला की पाणी गार पडते आणि लेकरे काठावरच दात वाजवत बसतात.

जुन्या बारवांबद्दल एक आठवण. आमच्या आजीच्या पिंडरीवर नारूचा वण होता. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी घेत, नारू झालेल्या पायातून किड्याची पिल्ले पाण्यात पडत आणि तेच पाणी पिऊन दुसऱ्याला नारू होई. काडीला गुंडाळून तो दोरा रोज थोडा थोडा ओढत. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ती भीती आता नाही. तरी जे पाणी गाव पिते त्यात कोणीच पोहू नये. त्यात जातीचा काही संबंध नाही, स्वच्छतेचा आहे.

आम्ही एकेचाळिसाव्या वर्षी शिकलो ते एका शाळासोबत्याच्या विहिरीत. विचारायला जाताना घशाला कोरड पडली होती. त्याच्या आधी एकाकडे विचारले होते. "पाणी प्यायचं आहे हो," असे उत्तर मिळाले आणि परत फिरताना त्याच विहिरीत पोरे उड्या मारताना दिसली. हा सोबती मात्र म्हणाला, "ये की, त्यात विचारायचं काय? मोटार बंद करून ठेवतो." हे मोटारीचे त्याने आपणहून सांगितले. पाण्यात वीज उतरून माणसे जातात, तेव्हा मोटार नुसती बंद नव्हे, वरचा फ्यूज काढून खिशात ठेवावा.

पहिल्या दिवशी पाचव्या पायरीवर आम्ही अर्धा तास उभे होतो. शेजारी आमची दहा वर्षांची लेक. तिने विचारले, "पप्पा, तुम्ही भिता का?" आम्ही म्हणालो, "होय." खोटे बोलून काय करणार, पाय तिला दिसत होते. ती चौथ्या दिवशी पोहू लागली. आम्हाला पंधरा दिवस लागले.

शिकण्याची रीत जुनीच चांगली. पूर्वी डालड्याचा डब्बा किंवा पांगाऱ्याचे लाकूड पाठीला बांधत. आता तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून, ओढणीने किंवा रुंद पट्टीने छातीभोवती पाठीवर बांधावेत. सुतळी नको, ती काचते आणि ओली झाली की सुटत नाही. ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे स्वस्तात मिळते. ती पाण्यात टाकलेलीच असावी आणि एक जाड दोर पायरीच्या दगडाला किंवा झाडाला बांधून विहिरीत सोडलेला असावा. एका वेळी पाण्यात दोनच लेकरे, आणि काठावर पोहणारा एक माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. हातपाय मारायच्या आधी उताणे तरंगायला शिकवावे. छातीत श्वास भरून, मान मागे टाकून, कान पाण्यात बुडवून पडले की बहुतेक माणसे पाण्यावर राहतात. घाबरून हात वर केले की खाली जातात. एवढे एक आले तरी मदत येईपर्यंत जीव टिकतो. ज्याचा कान वाहतो त्याला उतरवू नये, आणि ज्याला फिट येतात त्याला तर कधीच नाही. जेवण झाल्यावर नको, आणि दारू प्यालेल्या माणसाला तर पाण्याच्या जवळपासही उभे करू नये, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

शेततळ्यात मात्र कधी शिकवू नये. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली तेव्हापासून ती सगळीकडे झाली. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, बोट रुतत नाही. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही. ज्यांच्या शेतात शेततळे आहे किंवा जे तिथे सालाने, मजुरीने कामाला जातात, त्यांनी मालकाला सांगून चारही बाजूंना गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवावा. दोराला खर्च किती येतो?

कोणी बुडत असेल तर काय करावे, हे बाया-लेकरांनी जास्त वाचावे. आपल्याकडे एक बुडतो आणि त्याला धरायला गेलेले तिघे बुडतात. धुणे धुवायला गेलेल्या मायलेकी एकदम जातात. बुडणाऱ्याला हात देऊ नये. तो मिठी मारतो आणि दोघे जातात. काठी द्यावी, दोर टाकावा, रिकामा कॅन किंवा घागर फेकावी. काही नसेल तर अंगावरची साडी सोडून तिचे एक टोक फेकावे. लाज नंतर. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढत बसणे हे सगळे बंद. श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध जोराने भराभर ३० वेळा दाबावे, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब. हे सुरू असताना दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, त्यात पुष्कळ लेकरे. शाळेच्या वयातच पोहायला शिकवा, असे ती संघटनाही सांगते.

मुलींचे काय, असे दोन-तीन घरांतून विचारले गेले. मुलींना आधी शिकवावे, कारण पाण्यावर त्याच जास्त जातात. सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र काढून ठेवावी, ती गळ्याला आणि हाताला गुंडाळते. बायांची वेळ वेगळी ठेवली की सासवाही तक्रार करत नाहीत. गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या आयुष्मतींनी आणि वस्तीतल्या चार भगिनींनी सकाळी सात ते नऊ ही वेळ घेतली. आम्हाला पोहऱ्यासारखे लांब बांधावर बसवून ठेवले होते. नुसता हसण्याचा आवाज येत होता.

खर्चाचे म्हणाल तर २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, लेकरांचे अर्धे, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना काहीच नाही. आमच्या पाच माणसांचा दिवस पाचशे रुपयांच्या आत झाला, त्यात ट्यूबही आली. घरून भाकरी, ठेचा, पिठले नेले होते. पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगरला टेम्पो भरून जाणारी आपली माणसे आहेत. तसाच टेम्पो चार घरांनी मिळून केला तर आणखी स्वस्त. पोहून झाल्यावर भूक इतकी लागते की नेहमीपेक्षा दुप्पट भाकरी बांधावी. हे आम्ही पहिल्या खेपेला केले नाही आणि विहिरीच्या मालकाच्या घरून भाकरी मागवावी लागली. त्याच्या माउलीने टोपले भरून पाठवले. टोपले परत करायला गेलो तर तिने पुढच्या रविवारीही या म्हणून सांगितले.

नांदेडच्या त्या भगिनीने आपल्या गावाकडच्या भावाला विहिरीचे विचारून ठेवावे. पायऱ्या किती, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे, मोटार कोणत्या बाजूला, एवढे तीन प्रश्न. डब्बे बांधायला आम्ही येतो.